टाचांवरचं वजन

सिंधुदुर्गातली बाई बर्फावरच्या शर्यतींत उतरायची, हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. थंडी वाजत नाही का, हा पहिला. कुठे शिकलीस, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, वाजते. दुसऱ्याचं उत्तर मी बरीच वर्षं अर्धवट देत आले. हिमाचलात शिकले, असं सांगून मोकळी व्हायचे. खरं म्हणजे मी घसरायला शिकले ते आमच्या घराखालच्या शेतात, पोटरीभर चिखलात, दोन बैलांच्या मागे उभी राहून.

आमचं गाव समुद्रापासून आत. भात, काजू आणि थोडी हापूसची कलमं एवढाच पसारा. सिंधुदुर्ग म्हटलं की लोकांना किनारा आणि तळलेला बांगडा आठवतो. मला अजून धड पोहता येत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

लावणीच्या आधी नांगरलेला चिखल सपाट करावा लागतो. त्यासाठी एक जाड, लांब फळी बैलांना जुंपून शेतभर ओढतात. आमच्याकडे तिला गुटो म्हणतात. फळीवर वजन लागतं, म्हणून हाकणारा तिच्यावर उभा राहतो. मी एकुलती एक, त्यामुळे घरातलं फालतू वजन म्हणजे मीच. सहा-सात वर्षांची असल्यापासून बाबा मला आपल्या पुढ्यात गुट्यावर उभी करायचे. दहावीपर्यंत मी एकटी गुटो हाकत होते आणि बाबा बांधावर उभे राहून ओरडत होते.

"ढोपरां वाकव गो! बूड मागे टाक. टाचेर रव. दोरी सोडू नको!"

टाचेवर राहायचं, कारण बैल कधी हिसका देतील याचा नेम नसतो. अंग पुढे असलं तर तुम्ही थेट बैलांच्या पायांत. म्हणून दोरीला ताण द्यायचा, मागे रेलायचं, गुडघे सैल ठेवायचे. मला ते इतकं जमायचं, की वरच्या वाडीतली माणसं बांधावर थांबून बघायची. बाबा तोंडावर कधी कौतुक करत नसत, पण कोणी बघत असलं की जरा मोठ्याने ओरडत.

कॉलेजात असताना आमचा गट पंधरा दिवसांच्या गिर्यारोहणाच्या शिबिराला हिमाचलात गेला. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी हौस म्हणून पायांना स्की बांधून दिल्या. बाकीची मुलं उभी राहायच्या आधीच पडत होती. मी उभी राहिले, घसरले, आणि खालच्या कुंपणापर्यंत गेले. थांबायचं कसं ते कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून कुंपणावर आदळून थांबले. शिकवणारे सर धावत आले. मला लागलंय का ते त्यांनी विचारलंच नाही. "पहले कहाँ सीखा?" म्हणाले. ते तिथलेच, पन्नाशीचे, आयुष्य उतारावर घालवलेले. त्यांनी मला पुढच्या हिवाळ्यात परत बोलावलं आणि मी गेले. घरी सांगताना महिनाभर म्हटलं होतं, राहिले चार महिने. पुढची बारा वर्षं माझे हिवाळे बर्फात गेले आणि पावसाळे चिखलात.

माझा प्रकार जायंट स्लॅलम. उतारावर लाल आणि निळी गेटं रोवलेली असतात, ती एकेक करून वळत वळत पार करायची, एकही चुकवायचं नाही, आणि सगळ्यांत कमी वेळात खाली पोचायचं. दोन उतरणी, दोन्हींचा वेळ मिळवून निकाल. मी चांगली होते. उगाच नम्रपणा दाखवून काय करायचंय? देशात पहिल्या तिघींत माझं नाव असायचं आणि दोनदा पहिलं आलं. युरोपात गेले की मात्र यादीत शेवटून मोजायला घेतलं तर लवकर सापडायचे. तिथल्या मुली दुधाच्या दातांपासून स्कीवर असतात, त्यांच्याशी माझी कसली बरोबरी? पण दरवर्षी दोन-चार नावं माझ्या खाली यायची आणि मला तेवढं पुरायचं.

आमच्या खेळात गुण जितके कमी, तितका खेळाडू मोठा. हे काही बाबांना कधी पटलं नाही. माझे गुण कमी झाल्याचं मी फोनवर आनंदाने सांगायचे आणि ते म्हणायचे, "जावंदे, फुडच्या खेपेक वाढव."

एक दोष मात्र माझ्यात पहिल्या दिवसापासून होता, आणि तो सरांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. स्कीवर वजन पुढे हवं, नडग्या बुटाच्या पुढच्या कडेला टेकलेल्या. वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि वळायचं नाव घेत नाहीत. मी सारखी टाचांवर. सर खालून ओरडायचे, "आगे आ, आगे! कुर्सी पे बैठी है क्या?" सरावात मी पुढे यायचे. पण उतार जरा खडा लागला, भीती वाटली, की बूड आपलं मागे. जित्याची खोड. सरांनी मला काय काय करायला लावलं नाही! हात पाठीमागे बांधून उतरवलं, बुटात मागून पुठ्ठा घालून उतरवलं. शेवटी त्यांनीच हात टेकले.

आणि मग एका फेब्रुवारीत, गुलमर्गच्या सरावात, एका उंचवट्यावरून उडून खाली येताना मी टाचांवर बसले. एक स्की आत वळली, मी वळले नाही. गुडघ्यात फट्‌ असा आवाज झाला आणि तो मला हेल्मेटच्या आत ऐकू आला. लिगामेंट तुटलं होतं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं आणि मार्चमध्ये मी कुबड्या घेऊन घरी आले.

काजूचा मोसम होता. येणारे-जाणारे पायरीवर बसून माझ्या गुडघ्याकडे बघत आणि आपापल्या ओळखीतल्या मोडलेल्या पायांच्या गोष्टी सांगत. असंच एकदा कोणीतरी विचारलं, ह्यां झाला कसा? बाबा तिथेच बसून बोंडातून काजू पिळून काढत होते. मी वैतागलेली होते, दुखत होतं, आणि येणारा मोसम हातचा गेला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कसा म्हणजे? ह्येंच्या गुट्यान माजा ढोपार खाल्ल्यान. टाचेर रव, टाचेर रव करून लहानपणापासून सवय लावल्यानी. ती सवय माका भोवली."

सगळे हसले. मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी हातातला काजू टोपलीत टाकला आणि पुढचा घेतला.

बोलून मी विसरून गेले. ते विसरले नाहीत. त्या वर्षीची लावणी झाल्यावर त्यांनी बैल विकले आणि पॉवर टिलर आणला. बैल म्हातारे झाले, म्हणाले. बैल म्हातारे नव्हते, मी त्यांना वासरं असल्यापासून ओळखत होते. मग दिवाळीच्या सुमारास आईने मला न्हाणीत पाणी काढून देता देता सांगितलं, की बाबांनी गुटो फोडून न्हाणीच्या चुलीत घातला. सागवानी फळी होती ती, आजोबांच्या वेळची.

"मी इच्यारलंय, तर म्हणतत, आता कोणाक होयो?" आई म्हणाली. "तू तेंका असा बोलूचा नाय होता. नाचता येईना अंगण वाकडा, तशातली गत ही."

आई बरोबर होती, म्हणून मला तिचा रागच आला. मी तिला म्हटलं, मी चेष्टेत बोलले होते. पण चेष्टा करताना पोटात थोडं खरं असतंच, आणि बाबांना तेवढंच ऐकू आलं होतं. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. "बाबा, तसा काय नाय हां, मी आपली उगीच," असं काहीतरी. ते "हां हां" म्हणाले आणि टिलरची चाकं धुवायला गेले. पूर्वी ते माझ्याशी शर्यतींबद्दल वाद घालायचे, चुकीचे सल्ले द्यायचे. आता ते फक्त जेवलंस का, एवढंच विचारत.

तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. मी परत उतारावर गेले नाही, तर हा माणूस मरेपर्यंत समजणार की त्याने आपल्या मुलीचा पाय मोडला. बोललेला शब्द परत घेता येत नसतो. परत शर्यतीत उतरणं एवढा एकच उपाय माझ्या हातात होता.

पण तो हिवाळा गुडघ्याच्या व्यायामातच गेला. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. गुडघा बरा होता. भीती बरी झाली नव्हती, आणि घाबरल्यावर माझं वजन कुठे जातं हे मला पक्कं ठाऊक होतं. येत्या मोसमात जागतिक स्पर्धेसाठी संघ निवडला जाणार होता आणि महिलांची एकच जागा होती. वय एकतीस. पुढच्या खेपेची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

लावणीच्या दिवसांत मी वरच्या वाडीतल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे अजून बैल होते, आणि त्यांचं एक शेत आमच्या पडवीखालीच होतं. जोडी आणि गुटो काही दिवसांसाठी मागून घेतला आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, माका शिकवा.

"काय शिकवू?"

"फुडे उबी रवाक."

"माका नको सांगू," ते म्हणाले. "एकदा शिकयलंय तां पुरे झाला."

दोन दिवस त्यांनी दाद दिली नाही. मीही त्यांचीच मुलगी. तिसऱ्या दिवशी काकांचे बैल मीच जुंपले आणि एकटी गुट्यावर चढले. बैलांना माझी ओळख नव्हती. दहा पावलं गेल्यावर त्यांनी मला बांधाला नेऊन लावलं. बाबा पडवीतून बघत होते. नवीन गुडघ्याने मी पुन्हा चढायला लागले, तसे ते पंचा गुंडाळत खाली आले आणि बैलांच्या तोंडाशी उभे राहिले.

"थय बर्फात तुका ओढता कोण?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं.

"कोण नाय. उतार आसता. आपण आपले घसारतो."

त्यांनी माझ्या हातातल्या दोरीकडे बघितलं. मग म्हणाले, "कोण ओढणा नाय, तर तू मागे ताणतंस कित्याक?"

बारा वर्षं सर मला काय करायचं ते सांगत होते. मी तसं का करते, हे कोणी विचारलंच नव्हतं. पुढे नसलेल्या बैलांच्या विरुद्ध मी मागे रेटत होते, सगळ्या उतारभर.

"दोरी हय दी," बाबा म्हणाले.

दोरी त्यांनी घेतली आणि बैलांना कानाशी धरून हळूहळू चालवायला लागले. मी फळीवर मोकळ्या हातांनी उभी. धरायला काहीच नसलं की टाचांवर राहताच येत नाही. फळीचं पुढचं टोक उचलतं आणि तुम्ही पाठीवर चिखलात जाता. मी गेले. उठले, पुन्हा गेले. पलीकडच्या शेतात लावणी करणाऱ्या बायका कमरेतून सरळ होऊन बघायला लागल्या. त्यांतली एक ओरडली, "ह्यां तुजा इंटरनॅशनल काय गो?" दुसरी म्हणाली, "थय बर्फ मऊ आसतला, म्हणान भागता." मी तोंडातला चिखल थुंकून त्यांना हात केला. अशा वेळी रागावलं की बायका वर्षभर सोडत नाहीत.

बाबा मात्र हसत नव्हते. त्यांचं लक्ष माझ्या घोट्यांवर होतं. "नडगी फुडे. अजून. खाली बघू नको, शिंगां बघ." तासाभराने मी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात सोडून उभी गेले. मग त्यांनी बैल जोरात काढले. मग न सांगता वळवले. चार सकाळी आम्ही हेच केलं, आणि काकांचं ते सगळं शेत फुकटात सपाट करून दिलं. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "आता बरां." पण घरी जाताना ते पुन्हा तसेच गप्प झाले. निकाल लागायचा होता, आणि तो त्यांनाही माझ्याइतकाच हवा होता.

हिवाळ्यात मी परत बर्फावर उभी राहिले. सरांनी माझी पहिली उतरण बघितली आणि खाली आल्यावर विचारलं, "किसने ठीक किया?" मी सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

निवड शर्यत गुलमर्गलाच होती, ज्या उतारावर मी पडले होते त्याच्या शेजारच्याच उतारावर. खरी चुरस दोघींत. मी, आणि हिमाचलातल्या लाहौलची एक मुलगी, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मधला माझा एक सोडला, तर सहा हिवाळे आम्ही एकाच खोलीत राहत होतो; आली तेव्हा तिला धड वळताही येत नव्हतं. ती सरळ, अबोल, आणि उतारावर आली की भलतीच निर्लज्ज.

पहिल्या उतरणीत मी तिच्या किंचित मागे होते. भरून काढता येईल इतकीच. दुसऱ्या उतरणीला पुढे असणारी नंतर सुटते, म्हणून आधी मी. वर उभी राहिले तेव्हा भीती आलीच. ती यायचीच. पण अंग मागे गेलं नाही. पहिल्या गेटपासून शेवटच्या गेटपर्यंत नडग्या बुटाला टेकलेल्या, टोकं बर्फात रुतलेली, जिथे बघेन तिथे स्की वळत होत्या. मधल्या खड्या भागात, जिथे मी इतकी वर्षं हटकून बसायचे, तिथे मी आणखी पुढे झुकले आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले. आयुष्यात इतकी चांगली मी कधीच उतरले नव्हते. खाली आले, फलकावर माझं नाव सगळ्यांच्या वर होतं.

मग ती आली. शेवटची तीन गेटं राहिली असतानाच मला कळलं. तिचे खांदे हलत नव्हते, फक्त पाय चालत होते. तिचं नाव माझ्या वर गेलं. मध्ये अर्धा सेकंदही नव्हता.

मी तिथेच उभी राहून कारण शोधायला लागले. ही माझी जुनी सवय. बर्फ? दोघींना तोच. ऊन? तेच. स्कीच्या तळाला मेण बरोबर लागलं होतं. गुडघा तर मला जाणवलाही नव्हता. टाचा? एकदाही नाही. कारण म्हणून हातात काहीच येईना. मी तिच्याकडे गेले, तिला मिठी मारली आणि खूप रडले. दुःख झालंच होतं. जागतिक स्पर्धा गेली होती आणि ती आता कधीच परत येणार नव्हती.

आमच्याकडची प्रीपेड सिमं काश्मिरात चालत नाहीत. म्हणून दुपारी सरांचा पोस्टपेड फोन घेऊन घरी लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"दुसरी इलंय," मी सांगितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे जावचंय नाय. जागा एकच आसा."

त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात.

"मागे बसलंस काय गो?"

दोन वर्षं ते काय घेऊन बसले होते, ते मला त्या चार शब्दांत समजलं. मी नुसतं "हां" म्हटलं असतं, तर ते जन्मभर तसेच घेऊन बसले असते.

"नाय बाबा," मी म्हटलं. "एकदाय नाय. वरसून खालपर्यंत फुडे होतंय. सरांक इच्यारा होयां तर."

"मगे हरलंस कशी?"

"तां चेडू माज्यापेक्षा जोरात उतारला. तेवढाच."

"ढोपार?"

"ढोपार बरां आसा."

"कोणाचा चेडू तां?"

"हिमाचलचा. माज्याच खोलयेत रवता. येताना तेका वळाक पण येय नाय होता. मीयाच शिकयलंय."

"तुया शिकयलंस?"

"होय."

"मगे सरळ सांग मां! तुजीच चूक ती!" असं म्हणून बाबा हसले. पहिल्यांदा नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, इतके की आई मागून काय झालं, काय झालं विचारायला लागली. "आयकलंस?" ते तिला सांगत होते, "आपणच शिकयल्यान आणि आपणच हरला!" दोन वर्षांनी मी ते हसू ऐकत होते. सर माझ्याकडे बघत होते, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मीही हसत होते.

हो बाबा, माझीच चूक, असं मी म्हटलं. इतक्या आनंदाने मी कुठलीच चूक कबूल केलेली नाही.